फक्की उडाली

मी एकतीस वर्षं मैदानावर काम केलं आणि एकही मॅच शेवटपर्यंत बघितली नाही. लोकांना हे सांगितलं की हसतात. पण खरंच नाही बघितली. मॅचच्या आधी फक्की मारायची, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं लाइनी आखायच्या, ती झाली की पाण्याचे पिंप भरायचे, मधेच लाइन पुसली तर परत मारायची, आणि मॅच रंगात आली की बक्षिसाचं टेबल मांडायला बोलावणं यायचं. टेबलावर चादर, चादरीवर कप, कपाशेजारी फुलदाणी. तोवर तिकडं आरडाओरडा व्हायचा, पोरं एकमेकांच्या अंगावर पडायची, आणि मी फुलदाणी सरळ करत असायची. कोण जिंकलं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची. पायऱ्यांवर कामाच्या माणसानं बसायचं नाही असा मुकादमाचा नियम होता. झाडायला चढायचं, झाडून उतरायचं.

तर संतोषनं, म्हणजे माझ्या मुलानं, सिंगापूरचं तिकीट काढलं तेव्हा गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, काय काय बघणार. मी एकच सांगितलं. मला एक मॅच बघायची आहे, बसून, पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत. आणि तीही बेसबॉलची. माझी नात इरा तिथं बेसबॉल खेळते. बारा वर्षांची आहे. पास तीस दिवसांचा होता, म्हणजे चार रविवार. मॅच रविवारीच असते. त्यातल्या एका रविवारी मॅच नव्हतीच. उरले तीन.

बायका म्हणल्या, क्रिकेट सोडून हे कुठलं खूळ. त्यांना काय सांगू. क्रिकेटला लाइनी किती, चार बोटांवर मोजण्याएवढ्या. बेसबॉल म्हणजे सगळा लाइनीचाच खेळ. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. मैदानाच्या एका कोपऱ्यात उभं राहून मारायचं. त्या कोपऱ्यातनं दोन लांब लाइनी निघतात, उघडलेल्या कात्रीसारख्या. बॉल कात्रीच्या आत पडला तर पळायचं. चार ठिकाणं आहेत, चारी फिरून परत कोपऱ्यात पोचलं की एक रन. त्या कोपऱ्याला घर म्हणतात. बॉल कात्रीच्या बाहेर पडला तर फुकट, परत मारायचा. आणि बरोबर लाइनीवर पडला तर तो आतलाच धरतात. म्हणजे एवढी पोरं, एवढे सर, एवढी माणसं, सगळ्यांचा निकाल माझ्या चुन्यावर. आमच्या मैदानावर जिल्ह्याच्या मुली हा खेळ खेळायच्या. त्यांच्यामुळं मला नाद लागला. सुतळी ताणून, एक डोळा मिटून मी लाइन बघायची. वाकडी दिसली तर पुसून परत.

सुरुवातीला मशीन नव्हतं. पिशवीतनं मुठीनं सोडायची. हाताला भेगा पडायच्या, भेगांत चुना जायचा. मालक, म्हणजे संतोषचे वडील, बांधकामाच्या सेंट्रिंगवरनं पडून गेले तेव्हा संतोष दुसरीत होता, काम सोडायची सोय नव्हती. खोबरेल लावून फडकं बांधलं की दुसऱ्या दिवशी हात परत चालायचा. मी रडले नाही कधी. लाइन मारताना डोळ्यात पाणी आलं की लाइन वाकडी येते. संतोष शिकला, बोटीवर इंजिनियर झाला, आता सिंगापूरला बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करून घेतो. झालं ते झालं. पुढचं सांगते.

बुकित पंजांग

संतोषचं घर बुकित पंजांग म्हणून भाग आहे तिथं, अकराव्या मजल्यावर. खाली छोटी आगगाडी फिरते, तिला एलआरटी म्हणतात. ड्रायव्हर नाही. पहिल्या दिवशी मी सगळ्यात पुढं उभी राहिले, ड्रायव्हरच्या जागी, आणि इरा माझ्या मागं तोंड लपवून उभी. गाडी बिल्डिंगांच्या इतक्या जवळनं जाते की कुणाच्या दोरीवर काय वाळतंय ते दिसावं. मी बघायला लागले तर काच एकदम धुरकट झाली. मला वाटलं मोतीबिंदू परत आला. इरा म्हणाली, आजी, लोकांच्या घरात बघू नये म्हणून काच आपोआप तशी होते. बिल्डिंग गेली की परत लख्ख. मला इतकं नवल वाटलं की आम्ही ती फेरी परत मारली.

घरात चांगलं चाललंय. सून मनीषा नोव्हेनाला दवाखान्याच्या ऑफिसात कामाला आहे, सकाळी सातला बाहेर पडते. मला म्हणाली, आई, तुम्ही काही करू नका, आराम करा. मी दुसऱ्या दिवशी भाकऱ्या टाकल्या. ती डबा घेऊन गेली. संध्याकाळी डबा रिकामा.

इरा मराठीत बोलते, पण दमली की इंग्रजीत जाते आणि शेवटी तिथल्या लोकांसारखं 'लाह' लावते. मी आल्या आल्या तिच्या बॅटला हात लावला, ग्लोव्ह हुंगून बघितला. कातडं सुकलं होतं. म्हणलं, तेल नाही लावत का गं. तिनं माझ्याकडं बघितलं. आजीला हे कसं माहीत, असं बघितलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी बसून ग्लोव्हला तेल लावलं.

पहिला रविवार

मैदान बघून माझा जीव एवढा मोठा झाला. हिरवं गवत, मधी लाल माती, आणि पांढऱ्या दोन लाइनी. मी आधी लाइनीच बघितल्या. चाकाच्या मशीननं मारलेल्या, रुंदी सारखी, डाव्या लाइनीला मधी एक इंच पोट आलेलं. म्हणलं, असू दे, बरी आहे.

मग पोरं आली. सगळ्या जातीची पोरं आहेत, चिनी, जपानी, गोरी, एक मलाय, एक आमची. कोच जपानी आहेत. आत पाय ठेवायच्या आधी सगळी एका रांगेत उभी राहिली, टोप्या काढल्या आणि वाकली. मला वाटलं समोर कुणी मोठा माणूस आलाय. मी मान वर करकरून बघितलं, कुणी नव्हतं. इराला नंतर विचारलं, कुणाला नमस्कार केला. म्हणाली, ग्राउंडला. एकतीस वर्षांत मी मैदानावर लोकांना थुंकताना बघितलं, बिडी विझवताना बघितलं, गुरं सोडताना बघितलं. मैदानाला टोपी काढलेली पहिल्यांदा बघितली.

मी पायरीवर बसले. म्हणजे आधी पदरानं पुसली, मग बसले. शेजारी एक म्हातारे जपानी आजोबा होते. मांडीवर वही, हातात बारीक टोकाची पेन्सिल. वहीत चौकोन चौकोन. प्रत्येक बॉलला ते चौकोनात काहीतरी खूण करायचे. मला वाटलं कोचच्या ऑफिसातले असतील. तर नाही, कुणाचेच कुणी नाहीत. नातू पूर्वी खेळायचा, तो जपानला परत गेला, हे येतातच. हे मला इरानं नंतर सांगितलं. म्हणलं, हा माझ्यासारखाच आहे.

पहिला बॉल पडला. पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पोरानं, हात फिरवला, बॉल कॅचरच्या ग्लोव्हमधी 'थप्' करून बसला. तो आवाज आणि पायरीची ऊब. मी हात मांडीखाली घेऊन बसले, कारण हातांना कळेना काय करावं. दुसरी इनिंग झाली, तिसरी सुरू झाली. इरा डावीकडं लांब उभी होती, लाइनीजवळ. तिच्याकडं एकही बॉल आला नव्हता. मग आला, वर उंच, आणि मी ओरडले. मराठीत ओरडले, सगळं मैदान वळून बघायला लागलं. इरानं बॉल सोडला.

तेवढ्यात भोंगा वाजला. मला वाटलं माझ्या ओरडण्याचाच वाजवला. तो विजेचा होता. तिकडं कुठं लांब वीज चमकली तरी मैदानात भोंगा वाजतो, दिवा लुकलुकतो आणि सगळ्यांनी छपराखाली जायचं. आभाळ निळं होतं, एक थेंब नाही. आमच्याकडं तर पाऊस डोक्यावर आला तरी अजून दोन ओव्हर, अजून दोन ओव्हर चालतं. इथं कुणी हूं की चूं केलं नाही. चिनी, गोरे, जपानी, सगळे बॅगा उचलून चालायला लागले. छपराखाली एका बाईनं पोळ्या वाढाव्यात तशा सगळ्यांना संत्र्याच्या फोडी वाटल्या. मला वाटलं दहा मिनिटांत थांबेल. तासाभरानं मॅच रद्द केली. बाहेर पडलो तेव्हा मग पाऊस आला.

गाडीत इरा खिडकीकडं तोंड करून बसली. घरी जाऊन म्हणाली, "आजी, डोन्ट लाइक दॅट लाह. कोचचा नियम आहे. बाहेरून कुणी सांगायचं नाही. परत ओरडलीस तर मी खेळणार नाही."

म्हणलं, नाही ओरडणार.

मधले दिवस

मधल्या दिवसांत मी संतोषच्या मागं लागून दोन स्टेडियम बघितली. एक घराजवळचं. सकाळी फाटक उघडं असतं, कुणीही आत जा. मला आधी पाऊल उचलेना, कुणी हटकेल म्हणून. आत लाल ट्रॅकवर म्हातारी माणसं चालत होती. एक चिनी आजी उलटी चालत होती, मागं न बघता, आणि चालताना टाळ्या वाजवत होती. मला बघून हसली. मीही दहा पावलं उलटी चालले. अकराव्याला संतोषनं धरलं. तिथल्या लाइनी रंगाच्या आहेत, पुसतच नाहीत. मी बोटानं घासून बघितलं. म्हणलं, इथं माझ्यासारखीला कुणी कामाला ठेवलं नसतं.

दुसरं ते मोठं, ज्याला डोंगराएवढं छप्पर आहे. छप्पर सरकतं. आत बेसबॉल नाही खेळत, पण मला बघायचं होतं. बाहेरूनच फिरलो, एका ठिकाणी आतलं थोडं दिसतं. म्हणलं, संतोष, उन्हाशिवाय गवत कसं येतं रे. तो म्हणाला, गवताला दिवे दाखवतात. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, थट्टा करतो की काय. नाही म्हणाला, खरंच. मोठे दिवे गाडीवर ठेवून गवतावरनं फिरवतात. मी उन्हात वाळले आणि इथं गवताला ऊन कमी पडतं.

खाणं सांगायचं राहिलं. हॉकर सेंटर म्हणून मोठी छपराची जागा असते, चहूबाजूंनी खायची दुकानं, मधी टेबलं. मी चिकन आणि भात खाल्ला. चिकन पांढरं फटक, मसाला नाही, पण भात असला की नुसता खावा. आणि कॉफी पिशवीत देतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरनं दोरी, आत नळी. दवाखान्यात सलाइन लटकतं तशी बोटाला लटकवून लोक पीत चालतात. मलाही घेऊन दिली. मी ती बोटाला लटकवून स्टेशनपर्यंत गेले, पिईना, कारण मग संपली असती.

हॉकरला टेबलं पुसायला म्हातारी माणसं असतात. माझ्या वयाची एक चिनी बाई आली, ताटल्या एकावर एक रचल्या, फडक्यानं एका हातात टेबल पुसलं. पुसायची पद्धत बघितली की कळतं, हिला किती वर्षं झाली. मी माझी ताटली उचलून तिच्या ढिगावर ठेवली. तिनं माझे हात बघितले, मी तिचे. मग ती पुढच्या टेबलाला गेली.

दुसरा रविवार

हा रविवार मी माझ्या हातानं घालवला.

त्या दिवशी मोठी मॅच होती. चार टीमची माणसं. आम्ही लवकर गेलो. इरा कपडे करायला गेली, संतोष गाडी लावायला गेला, मी पायऱ्यांवर एकटी. पायऱ्या रिकाम्या, पण सगळीकडं कचरा. म्हणजे मला तो कचरा वाटला. इथं एक टिश्यूचं पाकीट, तिथं एक, पुढं एक, कुठं छत्री, कुठं पाण्याची अर्धी बाटली. म्हणलं, एवढी शिस्तीची माणसं, मैदानाला टोपी काढतात, आणि जाताना असं टाकून जातात. हात थांबेनात. पिशवी होती माझ्याकडं. मी वरच्या पायरीपासून सुरू केलं, जसं करायची तसं, डावीकडनं उजवीकडं, मग खाली. सगळी पाकिटं पिशवीत. छत्र्या एका कोपऱ्यात रचून उभ्या केल्या. बाटल्यांतलं पाणी झाडाला घातलं. पंधरा मिनिटांत पायऱ्या चकचकीत. मला फार बरं वाटलं. एका पायरीवर ऐटीत बसले.

मग माणसं यायला लागली. हातात खायचे डबे, चहाच्या पिशव्या. येतात, थांबतात, इकडं बघतात, तिकडं बघतात. एक जाड माणूस पायरीखाली वाकून बघायला लागला. एक बाई आपल्या नवऱ्याला काहीतरी बोलायला लागली. मी आपली हसून बघतेय, या, बसा, स्वच्छ आहे. तेवढ्यात संतोष आला. त्यानं माझी पिशवी बघितली. पिशवीत पाकिटं बघितली. कपाळाला हात लावला.

म्हणाला, "आई, हा कचरा नाही. ही जागा धरलेली असते."

इथं पद्धत आहे, पाकीट ठेवलं की ती जागा त्या माणसाची. हॉकरला सुद्धा तसंच. नुसतं नाकाचं टिश्यू ठेवतात आणि निवांत जेवण आणायला जातात, कुणी हात लावत नाही. आमच्याकडं रुमाल ठेवला तर रुमालही जातो आणि जागाही जाते. मला कसं कळावं.

मग मी काय केलं, पिशवी घेतली आणि ज्याचं त्याला द्यायला निघाले. पण सगळी पाकिटं दिसायला सारखीच. तुमचं का, म्हणून हातानं विचारायचं, माणूस म्हणायचा नाही, नाही, आणि हसायचा. एक चिनी म्हातारी म्हणाली, "आंटी, नेव्हर माइंड लाह," आणि तिनं मला स्वतःच्याच पिशवीतनं एक पाकीट काढून दिलं. म्हणजे माझी पाकिटं कमी व्हायच्या ऐवजी एक वाढलं. जपानी आजोबांची पेन्सिलसुद्धा मी उचलली होती, जागेवर ठेवलेली. ती मात्र मला ओळखू आली. दोन हातांनी दिली. त्यांनी दोन हातांनी घेतली आणि मान खाली घालून त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते.

या सगळ्यात सगळ्या इनिंग गेल्या. बसले तेव्हा मॅच संपून पोरं टोप्या काढून वाकत होती. कोण जिंकलं ते मी संतोषला विचारलं.

इरा लाल झाली होती. रडली नाही, तेवढं माझ्यासारखं आहे. जेवताना म्हणाली, पुढच्या रविवारी तू आलीस तर दोन गोष्टी. जागेवरनं उठायचं नाही. ओरडायचं नाही. संतोष तिला रागवायला लागला, आजीशी असं बोलतात का. मी म्हणलं, राहू दे. तिचं मैदान आहे, तिचा नियम. मुकादमाचा पाळला, हिचा पाळीन. फक्त मुकादम म्हणायचा बसायचं नाही आणि ही म्हणते उठायचं नाही. मला तर हेच पाहिजे होतं.

शेवटचा रविवार

सोमवारी दुपारचं विमान. रविवारी मॅच. सकाळी उठून मी आधी आभाळ बघितलं. मग भाकरी आणि ठेचा बांधून घेतला, कारण रिकाम्या पोटी माझे पाय वळतात आणि मग उठावं लागतं. पाणी बेताचं प्यायले, त्याच कारणानं.

जागा मी निवडली. संतोष म्हणाला, मधी बसू, मारायच्या कोपऱ्याच्या, घराच्या मागं, तिथनं सगळं दिसतं. मी म्हणलं, नाही, डाव्या लाइनीच्या टोकाला. सगळ्यात खालची पायरी, जिथनं लाइन सरळ डोळ्यात येते. एक डोळा मिटून बघितलं. त्या दिवशी लाइनीला पोट नव्हतं. कुणीतरी सुतळी ताणली होती. मी माझं टिश्यूचं पाकीट काढलं, त्या चिनी आजीनं दिलेलं, पायरीवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसले. संतोष म्हणाला, आई, माणूस बसल्यावर पाकीट लागत नाही. म्हणलं, असू दे.

जपानी आजोबा माझी जागा बघून तिकडंच आले. वही उघडली, पेन्सिल माझ्यापासून लांब ठेवली आणि हसले. मी भाकरीचा तुकडा दिला, वर ठेचा. त्यांनी सगळा एकदम तोंडात घातला. मी हातानं थोडा, थोडा म्हणेपर्यंत गेला. डोळ्यातनं पाणी, पण थुंकले नाहीत. मग त्यांनी पिशवीतनं भाताचा तिकोनी गोळा काढला, समुद्रातलं काळं पान गुंडाळलेला, तो मला दिला. आत आंबट फळ होतं, खारवलेलं. आमच्या लिंबाच्या लोणच्याचं भावंडच.

पहिली इनिंग. दुसरी. मी इकडंतिकडं बघत होते, प्रेक्षक बघायला मला मॅचइतकंच आवडतं. गोऱ्या बाया बूट काढून बसतात. चिनी बाप पोराला काही बोलत नाहीत, पण पोरगं चुकलं की स्वतःच्या गुडघ्यावर मारून घेतात. जपानी आया सगळ्या टीमसाठी पाणी आणतात, दुसऱ्या टीमलाही देतात. आणि कुणीच कुणाच्या आईबापावरनं बोलत नाही. आमच्याकडं प्रेक्षक आले की पहिल्यांदा पंचांच्या आईचा उद्धार होतो.

तिसरी. चौथी. भोंगा वाजला नाही. पाचवीला ढग आले, मी मनात म्हणलं, लांब जा बाबांनो. गेले. माझा डावा पाय बधिर झाला, मी नुसता अंगठा हलवत राहिले. संतोष म्हणाला, आई, जरा फिरून ये. नाही म्हणलं. सहावीला इराच्या टीमचे तीन, समोरच्यांचे दोन. पोरांची मॅच सात इनिंगची असते. शेवटची सातवी.

सातवीला समोरच्यांचे दोन आउट झाले. म्हणजे एक आउट राहिला. त्यांचा एक पोरगा दुसऱ्या ठिकाणावर पोचून उभा, तो घरी आला की बरोबरी. एकतीस वर्षांत मी या जागेपर्यंत शंभरदा आले असेन आणि दरवेळी कुणीतरी हाक मारली होती, अहो बाई, टेबल मांडा. मी कान देऊन बसले. कुणी हाक मारली नाही.

बॅटिंगला एक उंच पोरगी होती. तिनं मारला. बॉल वर गेला, वाऱ्यानं वळला आणि डाव्या लाइनीकडं यायला लागला, माझ्याच दिशेनं. सगळे वर बघत होते. मी नाही बघितलं. मला ती सवयच नाही. मी लाइन बघत होते.

बॉल लाइनीवर पडला. पांढरा धूर उठला, चिमूटभर, आणि विरला.

इरा पळत आली होती आणि थांबली. तिला वाटलं बाहेर पडला, फुकट गेला. ती पंचांच्या आवाजाची वाट बघत उभी. पण बॉल बाहेर पडला तरच पंच ओरडतात, आत पडला तर काही बोलत नाहीत, नुसतं बोट आत करतात. पंचांनी बोट आत केलं होतं. इराची पाठ होती तिकडं. बॉल तिच्यापासून चार पावलांवर गवतात आणि दुसऱ्या ठिकाणावरचा पोरगा पळत सुटलेला.

मी एवढं धरून ठेवलं होतं. तरी तोंडातनं गेलंच.

"इरा, फक्की उडाली! उचल!"

एवढ्या माणसांत ते कळणारे दोनच, संतोष आणि ती. तिनं विचार केला नाही. फक्की म्हणजे काय हे तिला मी तेल लावता लावता दहा वेळा सांगितलं होतं. बॉल उचलला, जवळच्या पोराकडं फेकला, त्यानं वळून घराकडं फेकला.

आणि सगळे उठून उभे राहिले.

कडेची माणसं, मागची माणसं, सगळी धावत माझ्या पुढं कुंपणाशी गेली. माझ्यासमोर त्या जाड माणसाचा पिवळा शर्ट. त्याच्या शेजारी दुसरी पाठ. त्यांच्या मधनं आभाळ तेवढं दिसत होतं. उठले असते तर दिसलं असतं. पण दोन शब्द दिले होते, एक आत्ताच मोडला होता. दुसरा मोडायचा नव्हता. मी दोन्ही हातांनी पायरी धरून बसून राहिले.

'थप्' ऐकलं. मग ओरडा झाला.

संतोष वळून म्हणाला, "आउट, आई. जिंकलो." आणि बघतो तर मी बसलेली. म्हणाला, दिसलं ना तुला. म्हणलं, नाही. आणि मला हसू आलं. असं आलं की थांबेना. एवढं विमानात बसून आले, तीन रविवार घातले, आणि शेवट परत दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. जपानी आजोबांनी वही माझ्यापुढं धरली. शेवटच्या चौकोनात एक खूण केली होती, आणि चौकोनाच्या कडेला, जिथं काही लिहायचं नसतं तिथं, पेन्सिलनं बारीक बारीक ठिपके. त्यांनी आधी ठिपक्यांकडं बोट केलं, मग माझ्या डोळ्यांकडं. त्यांनीही धूर बघितला होता.

कोच आमच्याकडं यायला लागले तेव्हा मी पदर सारखा केला. म्हणलं, आता ऐकून घ्यायचं. इरा त्यांच्या मागं. ते टोपी काढून काहीतरी बोलले, बराच वेळ. मी म्हणलं, काय म्हणतात.

"म्हणतात, बाहेरनं सांगायचं नाही. पुढच्या वेळी सांगितलं तर तुला फाटकाबाहेर बसवतील," इरा म्हणाली. "आणि विचारतात, एवढ्या लांबून तुला कसं दिसलं. मी सांगितलं, माझी आजी एकतीस वर्षं लाइनी मारायची."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. टोपी काढलीच होती ना आधी."

मॅच संपली की आमच्याकडं खेळाडू निघून जातात आणि मग आमचं काम सुरू होतं. इथं उलटं. पोरांनी लांब दांड्यांची दाताळी आणली आणि माती सारखी करायला लागली. जिंकलेली, हरलेली, सगळी. कोचही. मी पायरीवर बसून बघत होते, माझं काम दुसरी माणसं करत होती आणि मला काही करायचं नव्हतं. पहिल्यांदा माझं अंग त्या पायरीवर सैल पडलं.

इरा लाइनीच्या कडेनं दाताळं ओढत आली. एका ठिकाणी थांबली. मला हाक मारली. म्हणाली, आता उठलीस तर चालेल.

बधिर पाय घेऊन मी उठले. संतोष हात द्यायला लागला, मी नको म्हणलं. फाटकाशी आले. पाटी नाही, पिशवी नाही, झाडू नाही. रिकाम्या हातानं मैदानात पाय टाकायची ही पहिलीच वेळ. काय करतात ते माहीत होतं. टोपी नव्हती, म्हणून पदर नीट केला आणि जमेल तेवढी वाकले. मग आत गेले.

इरा लाइनीशी उकिडवी बसली होती. तिनं बोट दाखवलं. पांढऱ्या लाइनीच्या बरोबर मधी वाटीएवढा खळगा होता. एका बाजूची फक्की उडून गेलेली, खालची माती दिसत होती. बॉल आतनं बाहेर कसा घसरला तेही दिसत होतं. मी वाकून बघितलं. सुरुवात ते शेवट, सगळी मॅच तेवढ्यात होती.

"बघितलीस?" इरा म्हणाली.

"बघितली."

"मग पुसू?"

तिच्या हातात दाताळं तयार होतं. पलीकडच्या फाटकाशी दुसरी टीम येऊन उभी होती, टोप्या हातात घेऊन.

"पुस," मी म्हणलं. "त्यांना नवी मारू दे."